शून्य मतांचे गाव

निकालानंतर उगवणाऱ्या अफवांमध्ये ‘शून्य मतांचे गाव’ ही सर्वांत काटक जात. हरलेला उमेदवार, त्याचे एखादे हक्काचे गाव आणि चिडलेल्या माणसांचा व्हिडिओ एवढ्यावर ती तग धरते.

२०२४च्या विधानसभा निकालानंतर तिचा अस्सल नमुना धुळे ग्रामीणमधल्या अवधानला सापडला. काँग्रेसचे कुणाल पाटील यांना गावातून एकही मत नाही, असा मजकूर राज्यभर फिरला. प्रत्यक्षात चार केंद्रांवर त्यांना २२७, २३४, २५२ आणि ३४४, म्हणजे १,०५७ मते होती. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने तसे जाहीरही केले. पण शून्याची सोय १,०५७ला नाही. शून्य समजायला बेरीज यावी लागत नाही, आणि ‘मग माझं मत गेलं कुठं?’ हा प्रश्न त्यातून आपसूक निघतो. १,०५७मधून फार तर ‘बरं’ निघते, आणि ‘बरं’ कोणी फॉरवर्ड करत नाही.

केंद्रनिहाय मते फॉर्म २०मध्ये असतात. तो वाचायचा कंटाळा हेच अफवेचे भांडवल. शिवाय मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटमध्ये आपल्या मताची छापील चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते. मोजणीत प्रत्येक मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राशी पडताळतात. राज्यात अशा १,४४० पडताळण्यांत तफावत निघाली नाही, असे निवडणूक आयोग सांगतो. फॅमिली ग्रुपवरच्या मामांना मात्र स्वतः पाहिलेल्या चिठ्ठीपेक्षा भाच्याच्या मित्राचा व्हिडिओ अधिक खात्रीचा वाटतो.

दुसरी जात ‘परदेशी हॅकर’. जानेवारी २०१९मध्ये लंडनच्या पत्रकार परिषदेत तो चेहरा झाकून पडद्यावर अवतरला. नोव्हेंबर २०२४मध्ये महाराष्ट्रातली यंत्रे फ्रीक्वेन्सी पकडून फिरवून देण्याच्या दाव्यासह तो पुन्हा उगवला आणि मुंबईत सायबर पोलिसांकडे गुन्हा दाखल झाला. यंत्राला वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. फ्रीक्वेन्सी पकडायची कुठून, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. या गलक्यात मतदारयाद्यांबद्दलचे रास्त आक्षेपही अफवांच्याच गाठोड्यात बांधले जातात, आणि उत्तर द्यायचे टाळणाऱ्यांची सोय होते.

अफवांच्या मशागतीला सरकारी हातही लागतो. २० डिसेंबर २०२४ रोजी आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलला आणि मतदान केंद्रांतले सीसीटीव्ही चित्रीकरण लोकांच्या पाहणीबाहेर गेले. अधिकाऱ्यांनी दिलेले एक कारण असे, की चित्रीकरण खुले ठेवले तर एआय वापरून त्यातून अफवा तयार होतील.