पाणबुडीला कुठला पाइप?

विमानाचं मॉडेल करणाऱ्याला समाजाचा फार जाच. घरी आलेला कुणाचाही आठवीतला मुलगा "काका, चाकं चुकलीत" असं सांगून, चिवडा खाऊन निघून जातो. पाणबुडीचं तसं नाही. तिचा बराचसा भाग कायम पाण्याखाली. मागचा पंखा तर नौदलं गोदीतसुद्धा सहसा ताडपत्रीनं झाकून ठेवतात. पात्यांच्या आकारावरून शत्रूनं तिच्या आवाजाचा अंदाज बांधू नये म्हणून. जे कुणी धड पाहिलंच नाही, ते चुकलं म्हणणार कोण? बेताच्या कारागिराला याहून सुरक्षित छंद नाही.

मी 'कलवरी' निवडली. बांधली माझगाव डॉकमध्ये, म्हणजे घरचीच. लांबी 67.5 मीटर, रुंदी 6.2 मीटर. 1:100 या प्रमाणात ती होते साडेसदुसष्ट सेंटिमीटर लांब आणि 62 मिलिमीटर जाड. आणि बाजारात पीव्हीसी पाइप मिळतो 63 मिलिमीटरचा! फ्रेंच आराखडा आणि भारतीय मोरी यांची पत्रिका इतकी जुळावी?

"कुठे बसवायचाय साहेब, मोरीला की गच्चीला?" हार्डवेअरवाल्यानं विचारलं.

"पाणबुडीला."

"मग जाड घ्या," तो शांतपणे म्हणाला. "पातळ टिकणार नाही."

पुढे एम-सीलचं नाक बसवलं. पाइपावरचा आयएसआयचा छाप काचपेपरनं घासून काढला. एक तर गुळगुळीत पीव्हीसीवर रंग धरत नाही, आणि दुसरं म्हणजे युद्धनौकेवर तो छाप बरा दिसत नाही.

"काळीच तर करायचीय," बायको म्हणाली. "एक डबा मारा आणि मोकळे व्हा."

इथेच सामान्य माणूस फसतो. एकट्या तामिया कंपनीच्या यादीत साधा मॅट काळा आहे, नाटो काळा आहे, रबरी काळा आहे. शिवाय मॉडेलला निव्वळ काळा चालत नाही. खरी पाणबुडी आपण लांबून पाहतो आणि मधली हवा तिचा रंग फिकट करते. म्हणून काळ्यात थोडा थोडा राखाडी मिसळत जायचं. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं.

"म्हणजे विटका काळा," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसच्या पँटचा आहे तोच की."

रंगावर शेवटचा हात मॅट व्हार्निशचा. पण हवा दमट असली की ते सुकता सुकता पांढुरकं होतं. त्यामुळे पाण्याखाली राहण्यासाठीच जिचा जन्म, ती मुंबईच्या पावसाळ्यात कपाटावर ऑक्टोबरची वाट पाहत बसते. "अजून झाली नाही?" असं कुणी विचारलं, की मी खऱ्या कलवरीचा दाखला देतो. करार 2005 चा, नौदलात दाखल झाली 14 डिसेंबर 2017 ला. त्या मानानं आमची गोदी वेगात आहे.

सोसायटीतल्या पोरांना यात रस नाही. त्यांचं एकच टुमणं: "काका, बुडवून दाखवा!" आता खरी कलवरी पाण्याखाली असते तेव्हा तिचं वजन सुमारे 1,775 टन. 1:100 मध्ये लांबीची दोन शून्यं जातात, वजनाची सहा. म्हणजे माझी पाणबुडी बुडायला पावणेदोन किलोची हवी, आणि रिकामा पाइप तर तरंगणारच. आत एवढं वजन भरायचं कशाचं, हा प्रश्न मी जेवताना घरच्यांपुढे ठेवला.

"आतापर्यंतची रंगांची बिलं कोंबा," बायको आमटी वाढता वाढता म्हणाली. "त्यांनी घर बुडायला आलंय, ती का नाही बुडणार?"