सही जुळत नाही

दादरपासून डोंबिवलीपर्यंत, जिथे म्हणून क्रिकेटवर भांडणं होतात तिथे एक तरी भिंगवाले काका असतात. आमच्या सोसायटीचे काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. चेकवरची सही स्पेसिमेन कार्डावरच्या सहीशी ताडून पाहायची आणि ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून चेक परत पाठवायचा, यात उभी नोकरी गेली. निरोप समारंभात मिळालेली शाल काकूंनी भावजयीला देऊन टाकली, पण ही सवय घ्यायला कोणी पुढे येईना. शेवटी काकांनी ती खेळाडूंच्या सह्यांवर वळवली. त्यामुळे त्यांच्या लेखी गावसकर काय, तेंडुलकर काय, सगळे मूळचे खातेदार. धावा वगैरे जोडधंदा.

रविवारी सकाळी कोणीतरी पिशवीत गुंडाळलेली बॅट घेऊन दारात उभा राहतो. “काका, जरा बघता का?” काका टेबललॅम्प लावतात, दहापट मोठं दाखवणारं भिंग पुसतात आणि सहीकडे न पाहता माणसाकडे पाहतात.

“कुणी घेतली?”

“माझ्या मावसभावाच्या साडूनं.”

“कुठे?”

“विमानतळावर.”

“साडू विमानतळावर काय करत होते? पेन कोणाचं होतं? सही घेताना तुम्ही होतात?”

तिसऱ्या प्रश्नापर्यंत आपल्याला मावसभाव आहे की नाही, याचीच त्या गृहस्थाला शंका येऊ लागते.

काकांचं शास्त्र मात्र पक्कं आहे, हे कबूल केलं पाहिजे. खरी सही करणाऱ्याचं पेन कागदाला टेकण्याआधीच निघालेलं असतं आणि उचललं तरी थांबत नाही, म्हणून रेघेची टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा जपून जातो. दाब सगळीकडे सारखा, टोकं बोथट, वळणावर थरथर आणि मध्येच पेन उचलून पुन्हा जोडल्याची गाठ.

“आणि दोन सह्या तंतोतंत जुळल्या तर?” मी एकदा विचारलं.

“तर एक नक्की खोटी! कुठलाही माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही. एकीवरून दुसरी गिरवलेली असते, नाहीतर यंत्रानं केलेली असते.”

म्हणजे नोकरीत असताना सही जुळली नाही म्हणून परत, आणि आता जुळली म्हणून परत. परत करणं महत्त्वाचं.

बॅटवरच्या सहीचा निकाल सहसा भिंगाखाली मिनिटभरात लागतो. बॅट बनवणारे लोक पात्यावर खेळाडूची सही छापूनच देतात. “ही सही तुमच्या साडूंसाठी केलेली आहे,” काका म्हणतात, “आणि त्या दुकानात बॅट घेणाऱ्या प्रत्येकाच्या साडूंसाठी.”

एकदा एक गृहस्थ 1932 च्या इंग्लंड दौऱ्यावरच्या आपल्या संघाच्या सह्यांचं पान घेऊन आले. आपल्या पहिल्यावहिल्या कसोटीचा संघ. सी. के. नायुडू, निसार, अमरसिंग, सगळे एका पानावर. आजोबांची ठेव म्हणे. काकांनी भिंग बाजूला ठेवलं.

“अमरसिंग कधी गेले?”

“कल्पना नाही.”

“1940 साली. तिशीसुद्धा गाठली नव्हती. आणि ही सही बॉलपेनची आहे. बॉलपेन दुकानात दिसू लागलं ते दुसरं महायुद्ध संपता संपता. म्हणजे अमरसिंगांनी ही वरून पाठवलेली दिसते. पाकीट असेल तर दाखवा, त्याची किंमत जास्त येईल.”

समोरच्याचा चेहरा पडला की सांत्वन म्हणून काका अमेरिकेची गोष्ट सांगतात. तिथल्या एफबीआयनं 1990 च्या दशकात खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या, तेव्हा त्या मालात चक्क मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल निघाले. “त्यामानानं तुमचं बरंच विश्वसनीय आहे,” असं म्हणून ते पान परत देतात.

पाहुणे एवढ्यावर उठत नाहीत, कारण त्यांना किंमत हवी असते. “ब्रॅडमनची असती तर करोडपती झालो असतो ना?” इथे काका पुन्हा बँकेत शिरतात. ब्रॅडमन 92 वर्षं जगले आणि चाहत्यांच्या ढिगानं येणाऱ्या पत्रांना म्हातारपणापर्यंत उत्तरं देत राहिले. मोठेपणा मोठा, पण माल बाजारात भरपूर. उलट सात कसोट्या खेळून ऐन तारुण्यात गेलेल्या अमरसिंगांनी सह्या करून करून किती केल्या असतील? “सहीची किंमत काढायची तर नुसती सरासरी बघून चालत नाही. माणूस किती दिवस होता आणि नकार द्यायला शिकला होता का, तेही बघावं लागतं.”

कोणी सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र आणलं तर काका आधी प्रमाणपत्रावरचीच सही तपासतात. बॅट बिचारी पिशवीतच राहते.

काकांकडे स्वतःच्या किती सह्या आहेत? एकही नाही. शिवाजी पार्कजवळ आयुष्य काढलेल्या माणसानं एकही घेऊ नये? “एक घेऊन काय करू? ताडून बघायला दुसरी नको?”

काका ‘खरी’ हा शब्द कधीच उच्चारत नाहीत. त्यांच्याकडची सर्वात वरची पदवी म्हणजे ‘नाही म्हणता येत नाही.’ ती मी एकाच मुलाला मिळालेली पाहिली. शाळेच्या वहीचं पान, निमुळत्या टोकांची, घाईत केलेली सही, वर ‘पप्पूस शुभेच्छा’. काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “नाही म्हणता येत नाही. मात्र नाव घातलंय, त्यामुळे भाव थोडा कमी येईल. दुसरा पप्पू गाठावा लागेल.”

“विकायची नाहीच आहे, काका. आता खाली जाऊन लॅमिनेट करून घेतो!”

काका खुर्चीतून उठून दारापर्यंत धावताना सोसायटीनं पाहिले ते त्याच दिवशी. लॅमिनेशनची उष्णता आणि डिंक कागदात कायमचे बसतात, पुन्हा काढता येत नाहीत, आणि सही खरी असूनही भाव जातो. खोट्या सह्यांनी जे दुःख काकांना कधी दिलं नाही, ते त्या पप्पूनं एका वाक्यात दिलं.

तेव्हा तुमच्या कपाटात एखादी सही असेल, तर ती उन्हात टांगू नका, लॅमिनेट करू नका, आणि कुणी, कुठे, कधी घेतली ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. ती खरी आहे असं ऐकायचं असेल तर मावसभावाच्या साडूला विचारा. भिंगवाल्या काकांकडे नेलीत, तर जास्तीत जास्त ‘नाही म्हणता येत नाही’ इतकंच मिळेल. आणि या बाजारात त्याहून भरवशाचं दुसरं काही मिळत नाही.