सेफ्टी लीडर घडवण्याचा कारखाना

४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. गेटवर हिरवा झेंडा चढतो, शपथ होते, घोषवाक्यात यमक जुळवणाऱ्याला स्टीलचा डबा मिळतो. हल्ली कामगारांना ‘सेफ्टी लीडर’ करायचं प्रशिक्षणही असतं. गारेगार हॉलमध्ये ट्रेनर सांगतो, धोका दिसला की मशीन बंद करा. सगळे माना डोलावतात. जेवणानंतर लीडर पॉवर प्रेसवर परततो आणि एकदा खरंच मशीन थांबवतो. सुपरवायझर विचारतो, “टार्गेट काय तुझा ट्रेनर भरणार?” प्रेसचा सेन्सर तर केव्हाच बायपास झालाय. हात आत दिसला की तो मशीन थांबवायचा, उत्पादन घटायचं. खरा लीडर तोच होता, म्हणून आधी त्याचीच वायर काढली.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली, त्यात कामगार नि व्यवस्थापन निम्मे-निम्मे. जिवाला धोका वाटला तर तो वरिष्ठांच्या कानावर घालायचा हक्कही आला. कागद चोख. समितीतल्या कामगारांची नावं कोण सुचवतं, एवढं मात्र विचारायचं नाही.

शिवाय प्रेसवर बसतो तो बहुतेकदा कंत्राटी. काही महिन्यांत त्याला ब्रेक मिळतो. दहाही बोटं घेऊन घरी गेला, तर प्रशिक्षण यशस्वी अशी नोंद होते. बॅज तेवढा काढून घेतात, पुढच्या बॅचच्या लीडरला लागतो.