अकरा वांगी

धुळ्याच्या मावशीने घरच्या ग्रुपवर अकरा वांगी टाकली. पाठोपाठ दोन ज्वाळा आणि एक नाचणारी बाई. खानदेशी माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही: रविवारी मळ्यात भरीत. पण ग्रुपवर माझे व्याही आहेत, पुण्याचे. आणि मी आमच्या कुळातला एकमेव इमोजीतज्ज्ञ.

ही पदवी माझी मीच घेतलेली. वांग्याचा गुप्त अर्थ मला भाचीने सांगितला होता. जीवशास्त्राचा जो धडा सर 'घरी वाचा' म्हणून सोडून देत, त्यातलं ते वांगं. 2015 मध्ये अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने त्याला वर्षातलं सर्वांत लक्षवेधी इमोजी ठरवलं आणि इन्स्टाग्रामने त्याच्या हॅशटॅगचा शोधच बंद केला. हे कळल्यापासून भाजीबाजारात मला वांग्यांच्या ढिगाकडे सरळ बघवत नाही.

मावशीला फोन लावला. मूळ मुद्द्याला जीभ रेटेना, म्हणून इतिहासापासून सुरुवात केली. जपानीत 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. 1999 मध्ये शिगेताका कुरिता यांनी एका मोबाइल कंपनीसाठी 176 चित्रं काढली, प्रत्येक चित्र 12 बाय 12 ठिपक्यांत.

"म्हंजे रांगोळीच शे ना?" मावशी म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं आणि ती रांगोळी 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेल्याचं सांगितलं.

त्याच 2016 मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याला मात्र कुठल्या संग्रहालयाने बोलावलं नाही. आणि फोनमधलं ते वांगं बघा! जांभळं, सडपातळ, चकचकीत. लग्नात सूट घालून आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखं. आमचं बामणोदचं वांगं हिरवं, अंगावर पांढरट झाक, पोट सुटलेलं. ते गॅसवर भाजत नाहीत. कपाशीच्या वाळल्या काट्यांचा जाळ करायचा, साल काळी ठिक्कर होऊ द्यायची, मग सोलून लाकडी मुसळीने ठेचायचं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. भरितात टोमॅटो घालणाऱ्या घराशी सोयरीक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. (केली. वर सांगितलंच, पुण्याला.) 2019 मध्ये साडी, रिक्षा, पणती सगळं इमोजीत आलं, हिरवं वांगं नाही. म्हणजे आधी रंग चुकीचा, त्यावर अर्थ भलताच, आणि बदनामी आमच्या भाजीची.

असो. शेवटी मी घसा खाकरून मावशीला गुप्त अर्थ सांगितला. म्हणजे सुचवला. ती बराच वेळ गप्प होती.

"वांगं म्हंजे वांगंच शे ना, भाऊ?" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ग्रुपवर मावशीचं काहीच आलं नाही. भरीत झालं, व्याह्यांनी तीनदा वाढून घेतलं, मावशी आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली.

मावशी दुसरीतून शाळा सोडलेली. बँकेत अंगठा उठवते. फोन हाती आला तेव्हा तिने स्वतःची बाराखडी स्वतःच बसवली. घर म्हणजे सुखरूप पोहोचले. ढग म्हणजे काकांची आठवण येते. आणि एसटीत बसली की ती आगीचा बंब पाठवते. पहिल्यांदा बंब आला तेव्हा मी घाबरून धुळ्यातल्या तिच्या शेजाऱ्यांना फोन केला होता. नंतर कळलं, फोनमध्ये लाल डबा मिळाला नाही. लाल रंगाची मोठी गाडी तेवढीच होती.

यातला कुठलाही अर्थ मी तिला कधी विचारला नव्हता. ती चार-चार, सहा-सहा चित्रं जुळवून दिवसभराची हकीकत पाठवायची, आणि मी, एम.ए., बी.एड., तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, उत्तरादाखल काय पाठवायचो? अंगठा. अंगठाबहाद्दर आमच्या घरात कोण, ते तुम्हीच ठरवा. शिवाय मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय, हे वर्गात दरवर्षी मीच सांगत आलो.

ग्रुपवर मी बारा वांगी टाकली. व्याह्यांनी लगेच विचारलं, "पुन्हा भरीत?" त्यांना गुप्त अर्थ माहीतच नव्हता.

मावशीचं उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला: आगीचा बंब.

पारोळा, एरंडोल करत गाडीला जळगावला यायला अडीच तास तरी लागतात. मी आठलाच स्टँडवर जाऊन बसलो. पिशवीत वांगी होती, हिरवी.