तपासणीकाका

आमच्या साताऱ्याच्या सोसायटीत कुणाकडे लहान मूल आणि नवा टॅब अशा दोन्ही गोष्टी आल्या, की तो टॅब बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर दाखवून आणावा लागतो. असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण तुम्ही गेला नाहीत तर तिसरा मजला स्वतः खाली उतरतो. तिथे तपासणीकाका राहतात. त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं, एरवी त्याची कुणाला गरज पडत नाही. आधी शिक्षक, मग केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी अशा पायऱ्या चढत त्यांनी पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा तपासल्या. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. पण तपासायला काही उरलं नाही. सुरुवातीला त्यांनी दूधवाल्याचं माप, लिफ्टचा परवाना आणि सोसायटीच्या गणपतीचा हिशेब यांवर भागवलं. मग मुलाने आपल्या चार वर्षांच्या मुलीसाठी, मनूसाठी, टॅब आणला आणि काकांना नवा तालुका मिळाला. या तालुक्यात शाळा अगणित, सगळ्या विनाअनुदानित, आणि प्रत्येकीच्या दारावर पाटी : प्रवेश मोफत.

काका या पाटीपाशीच थबकतात. "फुकट काही नसतं. खर्च कोणत्या हेडखाली टाकलाय तेवढं बघायचं," हे त्यांचं पहिलं तत्त्व. मुलांचं अ‍ॅप मोफत असेल तर पैसे एक तर जाहिरातीतून येणार, नाहीतर पोराच्या माहितीतून, नाहीतर पुढे कुठेतरी कुलूप लावून. तिन्ही नसतील तर कुणीतरी देणगी देतंय. कोण देतंय ते शोधा. लाल कापडी पाठीच्या लांबट रजिस्टरात त्यांनी यासाठी वेगळा रकाना आखलाय, आणि त्यापुढे शेऱ्याचा. एका अ‍ॅपमध्ये मनू अननसापासून आनंदाने निघाली, आईपर्यंत पोचली, इमारत आणि ईडलिंबूही झालं. आणि उखळावर भलंमोठं सोनेरी कुलूप. पुढची अक्षरं हवी असतील तर वर्षाची वर्गणी भरा. काकांचा शेरा : "सदर संस्था मुलास चार स्वरांवर सोडून देते. व्यंजनांचा प्रश्नच उद्भवत नाही."

तपासणीची पद्धत ठरलेली आहे. आधी विमान मोड. काका स्वतः विमानात कधी बसलेले नाहीत, पण टॅबला रोज बसवतात. नेट तोडूनही अ‍ॅप चाललं तर ते शिकवायला आलंय. 'इंटरनेट जोडा' म्हणून अडून बसलं तर त्याला जाहिराती आणण्याची घाई आहे, असा त्यांचा निष्कर्ष. तो दरवेळी बरोबर असतोच असं नाही. पण त्यांच्या हाताखालच्या गुरुजींना विचाराल तर ही गोष्ट जुनीच आहे.

मग मुद्दाम चुकण्याची परीक्षा. 'हत्ती कुठे आहे?' असं गोड आवाजात विचारल्यावर सत्तरी ओलांडलेला हा माणूस गंभीर चेहऱ्याने बेडकावर बोट ठेवतो आणि वाट बघतो. अ‍ॅप 'शाब्बास!' म्हणालं की तिथेच निकाल. अक्षर गिरवायला दिलं तर काका नुसता एक गिचमिडा ओढतात. त्यावरही फुगे उडाले तर लाल शाई बाहेर येते. एका अ‍ॅपने मात्र त्यांना चांगलंच चकवलं. त्यात बरोबर उत्तराला एक चांदणी मिळायची आणि चुकीच्या उत्तराला बदक ढुम्म करून पाण्यात पडायचं. मनू लागोपाठ चुकत होती. काकांनी दोन दिवस तिच्याकडे काळजीने पाहिलं, अंकांची उजळणी घेतली, काकूंना बदाम भिजवायला सांगितले. तिसऱ्या दिवशी कळलं, की पोरीला उत्तरं सगळी येत होती. तिला बदक पाडायचं होतं. शेरा : "या अ‍ॅपात चुकणे हे बरोबर येण्याहून आनंददायी ठेवले आहे. खुलासा सादर करावा."

खुलासा ते खरोखर मागवतात. मुद्देसूद, अनुक्रमांक घालून, शेवटी 'सात दिवसांच्या आत'. पलीकडून तत्काळ उत्तर येतं : तुमच्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद, आम्हाला पाच तारे द्यायला विसरू नका! ते रजिस्टरात उतरवून काका त्याखाली लिहितात, "अनुपालन असमाधानकारक."

मराठी अ‍ॅप आलं की काका खुर्चीत सरसावून बसतात. सगळ्यात आधी ळ. हिंदी अक्षरमालेला मराठीची टोपी घालून पाठवलेल्या अ‍ॅपांची संख्या बरीच आहे आणि ती ळ वर हमखास पकडली जातात. ज्ञानेश्वरांच्या ज्ञ चा उच्चार 'ग्य' केला की दुसरी लाल रेघ. चमच्यातला च आणि चहातला च एकाच सुरात म्हटला की तिसरी. तरीही कुणी वाचलंच, तर काका २०२२ चा शासन निर्णय बाहेर काढतात. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायला सांगितलंय. परवा त्यांनी एका अ‍ॅपातल्या लसणीचा ल भिंगाखाली धरला आणि मनूच्या बाबांना हाक मारली, "बघ, पाकळी आहे का?" बाबा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मीटिंगमधल्या सगळ्यांनी पाहिलं. पाकळी नव्हती.

पण काकांचा खरा राग आहे तो जाहिरातींवर. मनूला अ ओळखता येण्याआधी फुली ओळखता आली. जाहिरात आली की ती कोपऱ्यातली मुगाएवढी फुली शोधते, पाच आकडे उलटे मोजून होईपर्यंत बोट उगारून थांबते आणि नेमकं दाबते. उलटी मोजणी ती यातूनच शिकली, हे काकांनी प्रामाणिकपणे 'लाभ' या सदरात नोंदवलंय. पण काही फुल्या फसव्या असतात : दाबली की जाहिरात बंद होण्याऐवजी दुकान उघडतं. अशा वेळी काकांच्या तोंडी मिशिगन विद्यापीठ येतं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या गटाने २०१८ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची १३५ अ‍ॅप तपासली. त्यांतल्या ९५ टक्के अ‍ॅपांत कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात होती. एका खेळात तर मुलाने वस्तू विकत घेतली नाही की पडद्यावरचं पात्र रडायला लागायचं. हे सांगताना काकांचा आवाज चढतो. "विक्रेता रडला म्हणून आपण कधी माल घेतलाय का? आणि इथे समोरचं गिऱ्हाईक चार वर्षांचं!" तसे ते या गिऱ्हाइकाच्या हक्कांबाबत जागरूक आहेत. मुलांनी परवानगीशिवाय केलेल्या खरेदीपायी अमेरिकेत २०१४ साली अ‍ॅपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर पालकांना परत द्यायचं कबूल करावं लागलं, ही बातमी त्यांना तोंडपाठ आहे. त्या धड्यावरून त्यांनी खरेदीला पासवर्ड लावला. तो विसरू नये म्हणून रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय. मनू चित्रं त्याच पानावर काढते.

परवानग्यांची छाननी तर पाहण्यासारखी असते. "बाराखडीला माझा ठावठिकाणा कशाला? फोनमधले नंबर कशाला? ही काय सोयरीक जुळवायला आली आहे?" आपल्याकडच्या २०२३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांची वैयक्तिक माहिती वापरायची तर पालकांची खात्रीशीर संमती लागते, आणि मुलांवर नेम धरून जाहिराती करायला मनाई आहे. त्या कलमाची झेरॉक्स रजिस्टरला टाचलेली आहे. पण काका न्यायी आहेत. गूगलचं रीड अलाँग हे वाचनाचं अ‍ॅप २०१९ मध्ये 'बोलो' नावाने आपल्याकडे आलं, पुढे त्यात मराठीही आली. त्याने मायक्रोफोन मागितला तेव्हा काकांनी आधी भुवया चढवल्या. मग कळलं, की मूल मोठ्याने वाचतं ते त्याला ऐकायचं असतं, अडखळलं तर सांगायचं असतं. शेरा बदलला : "कारण पटले."

दुकानाच्या दारावर मोठ्यांसाठी जे गणित घालतात, 'पुढे जाण्यासाठी सात आठे किती ते सांगा', त्याला काकांनी पैकीच्या पैकी गुण दिलेत. पोरांना आत येऊ देऊ नये म्हणून ठेवलेली ही चौकट त्यांच्या घरात फक्त मनूच्या बाबांना अडवते. काका पावकी-निमकीवर वाढलेले. ते छप्पन्न म्हणून निघूनही जातात.

इतक्या चाळण्यांतून काही उरतं का, असा प्रश्न पडेल. उरतं. खान अकॅडमी किड्स : जाहिरात नाही, वर्गणी नाही, खर्च देणगीतून. 'पात्र : अस्वल. वर्तणूक : समाधानकारक. त्रुटी : इंग्रजी बोलते.' स्क्रॅचज्युनियर : ठोकळे जोडून मांजराला चालवायचं. आकडे-अक्षरं थेट शिकवत नाही, म्हणून काकांनी आधी नापास केलं. मग मांजराला भिंतीतून बाहेर काढण्याच्या नादात स्वतःच जेवायचे राहिले. जीकॉम्प्री या फ्रान्समध्ये सुरू झालेल्या संग्रहाने तर त्यांची झोप उडवली. २००० सालापासून चालू, शंभरावर खेळ, जाहिरात नाही, कुलूप नाही, माहिती मागत नाही. "मग यांचं चालतं कसं?" लोक जगभरातून आपापल्या वेळात मोफत काम करतात, हे कळल्यावर त्यांनी हेडच्या रकान्यात 'श्रमदान' लिहिलं आणि त्याखाली, त्यांच्या कारकिर्दीत क्वचितच पडलेली, हिरवी सही केली. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर पास : २०१५ पासून खुल्या परवान्याची चित्रमय पुस्तकं, मराठीतही भरपूर. शेवटी त्यांना बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर'चे जुने अंक सापडले, १९७१ पासूनचे. त्या आठवड्यात तपासणी पूर्ण बंद होती. नोंद एवढीच : "मनूच्या वयास जड. माझ्या वयास योग्य."

आता काकूंचं सांगितलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, कमी तर आणखी चांगला. काकूंनी ते पेपरात वाचलं आणि मनूचा टॅब कुकरला जोडला : डाळीच्या शिट्ट्या झाल्या की बंद. सत्तरीपुढच्यांसाठी त्या संघटनेने अशी तासांची मर्यादा घातलेली नसल्यामुळे काकांना मोकळं रान मिळालं. टॅब दिवसभर त्यांच्याच हातात. मनू शेजारी फरशीवर चिंचोके मांडून बसलेली, आणि काका विचारताहेत, "मने, इथे किती बदकं?" ती टॅबकडे बघून सांगते, मग तेवढे चिंचोके मोजून ठेवते, मग म्हणते, "आजोबा, तुमचं चुकलं, एक पाण्याखाली आहे." काका चष्मा पुसून पुन्हा बघतात. वाद होतो. वादात बेडूक, तळं, पाटणचा पाऊस आणि काकांची बंद पडलेली एसटी असं सगळं येतं.

काकांच्या रजिस्टरात प्रत्येक अ‍ॅपपुढे शेवटी चार प्रश्न आहेत. ते त्यांनी २०१५ च्या एका अमेरिकन शोधनिबंधावरून घेतले. शिकणाऱ्या मुलांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांनी त्यात म्हटलंय, की अ‍ॅप शिकवतं की नाही हे चार गोष्टींवरून ओळखावं : मुलाचं डोकं चालतं का, ते गुंगून राहतं का, त्याला त्यातून अर्थ लागतो का, आणि त्यात माणसांशी देवाणघेवाण होते का. पहिल्या तीन रकान्यांत काका काटेकोर गुण देतात. चौथ्यात मात्र पानोपानी एकच नोंद : "लागू नाही. सदर बाब अ‍ॅपच्या कक्षेबाहेर." एकदा ते मंडईत गेले असताना काकूंनी रजिस्टर उघडलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चौथ्या रकान्यातल्या त्या नोंदीवर रेघ मारली आणि वर पेन्सिलीने लिहिलं : "आजोबा. पास." काकांनी आल्यावर ते पाहिलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग खाली लाल शाईत लिहिलं, "विनापरवानगी फेरफार. ग्राह्य धरण्यात येत आहे."

मनू आता जूनमध्ये बालवाडीच्या मोठ्या गटात जाईल. अक्षरं येतात, वीसपर्यंत मोजते, ळ खणखणीत म्हणते. सोसायटीतले पालक काकांना विचारायला येतात, की नेमकं कुठल्या अ‍ॅपने हे झालं. काका रजिस्टर उघडून गुणानुक्रमे यादी देतात, आणि पालक ती घेऊन, टॅब पोराच्या हातात देऊन, स्वतःच्या फोनकडे वळतात. यादी चांगली आहे, मीही घेतली आहे, तुम्हीही जरूर घ्या. पण विमान मोड लावून, बेडकावर बोट ठेवून, ळ तपासून झाल्यावर फरशीवर बसकण मारा. त्या यादीतलं तेवढं एकच कलम खरोखर मोफत आहे, आणि तेच कुणी डाउनलोड करत नाही.