बूट काढा आणि आत या

दिवाळीच्या सुट्टीत अर्धं उदगीर कोकणात असतं आणि उरलेलं अर्धं त्यांचे समुद्रासमोरचे फोटो बघत असतं. यंदा आमच्या मंडळींनी ठरवलं की समुद्र नको. रात्रभराचा प्रवास, मग खोलीचे दर, मग सुरमईचे दर. त्यापेक्षा भालकी, बिदर, हुमनाबाद, चिंचोळी, कलबुर्गी अशी मित्रांची घरं घेत जायचं आणि मधल्या वेळात जंगलात पायपीट करायची. खर्च फक्त पेट्रोलचा.

या बेतात जंगलाची बाजू भाऊसाहेबांकडे होती. बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, आणि निवृत्त माणसाला डॉक्टर चालायला सांगतात तेव्हा तो आधी खरेदीला जातो. त्यांनी पुण्याहून बूट मागवले होते. घोट्याच्या वर जाणारे, खाली टायरसारखी नक्षी, आणि एकेका बुटाला हातभर लांब नाडी. ती नाडी आधी भोकांतून, मग पितळी कड्यांतून आणि शेवटी दोन आकड्यांना अडकवून मागे फिरवायची. बांधायला पाच मिनिटं लागत. सोडायला जास्त, कारण घाईत हमखास निरगाठ बसायची.

कमलनगर आलं की कर्नाटक. पाट्यांवरची लिपी बदलते. बाकी रान तेच: काळी जमीन, फुलावर आलेली तूर, आणि रस्ता आपलाच समजून मधून चालणारी म्हैस.

भालकीला ‘फक्त चहा’ ठरला होता. दारात वहिनी उभ्याच. “बूट काढा आणि आत या की. चहा काय, जेवूनच जावा.” भाऊसाहेब पायरीवर बसले आणि नाडीशी झटू लागले. ते आत येईपर्यंत आमचा चिवडा संपून करंज्या सुरू झाल्या होत्या.

घरात नव्वदीला टेकलेले तात्या. नातवाला कन्नडमध्ये हाक, दूधवाल्याला दखनीत दम आणि आम्हाला मराठीत आग्रह, हे सगळं एकाच दमात. उदगीरचं नाव निघाल्यावर ते उठून बसले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याच्या तीन वाटण्या झाल्या. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद बिदरबरोबर म्हैसूर राज्यात. तात्यांच्या लेखी ही वाटणी अजून कच्ची आहे. “तुम्ही पाहुणे कशाचे? आमच्याच जिल्ह्यातले. कागद तिकडं गेला म्हणून माणूस जातोय काय?” मला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात करंजी होती. संध्याकाळी निघालो ते पोटं सांभाळत.

बिदरचे मित्र वकील आहेत, त्यामुळे तिथे आग्रह मुद्देसूद होता. सकाळी त्यांनी महमूद गावानचा मदरसा दाखवला. इराणच्या गिलान प्रांतातून आलेल्या या बहमनी वजिराने १४७२ मध्ये तो बांधला. निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून भिंतीला धरून आहेत. पुढे औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा ठेवला, त्याचा स्फोट झाला आणि दोन मिनारांतला एक गेला. विद्यापीठात दारूगोळा ठेवायची कल्पना कोणाची, हे वकीलसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले की केस मुदतबाह्य झाली आहे.

बिदरी भांड्यांच्या कारखान्यात सतरंजीवर बसायचं, म्हणजे बूट काढणं आलंच. एक कारागीर सुरईच्या पोटावर टोकदार छिन्नीने वेल कोरत होता. कोरलेल्या चरीत त्याने केसासारखी बारीक चांदीची तार टेकवली आणि हातोडीने टुकटुक करत बसवत नेली. मान वर न करता, आमच्याशी बोलत. धातू मुख्यतः जस्त, थोडं तांबं. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर घातलेल्या पाण्यात भांडं बुडवलं की जस्त काळंकुळीत होतं आणि चांदी तशीच उजळ राहते. ऊन-पाऊस न लागलेली माती हवी, आणि ती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. या जिल्ह्यात माणसाला काही चाखल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, हे तेव्हा पक्कं पटलं.

दुपारी नरसिंह झिरा. डोंगराच्या पोटात सुमारे तीनशे मीटरचं भुयार, छातीपर्यंत पाणी, वर वटवाघळं आणि पलीकडच्या टोकाला देव. भाऊसाहेब याला ‘वॉटर ट्रेक’ म्हणत होते. बूट मात्र बाहेर ठेवावे लागले. लोक पोरांना खांद्यावर घेऊन नामघोष करत चालले होते, आणि हे दर चार पावलांनी मागे वळून प्रवेशद्वाराकडे बघत होते. देवापुढे त्यांनी डोळे मिटून काय मागितलं, ते विचारावं लागलं नाही. नंतर गुरुद्वारा नानक झिरा साहिब. तिथेही बूट बाहेर, आणि लंगरमध्ये पुन्हा जेवण.

हुमनाबादला थांबायचं नाही असं गाडीत एकमताने ठरलं. थांबलो. दोन घरं झाली.

चिंचोळीच्या गुरुजींनी मात्र आम्हाला खरोखर जंगलात नेलं. “तुम्ही कोकण सोडून आलात म्हणे. आमचा पण किनारा बघा.” किनारा म्हणजे चंद्रमपल्ली धरणाचा. चारी बाजूंनी झाडीच्या टेकड्या, मध्ये निळं पाणी, आणि काठाकाठाने लाल जांभ्या मातीची वाट. कलबुर्गी जिल्हा म्हटल्यावर ऊन आणि फरशीच्या खाणी डोळ्यांपुढे आणणाऱ्या माणसाने हे एकदा बघावं. २०११ मध्ये या जंगलाचं अभयारण्य झालं. लांडगे आहेत, कोल्हे आहेत, चौशिंगा आहे.

भाऊसाहेबांनी बूट बांधले. दोन्ही हातांत काठ्या घेतल्या, टोपीची दोरी हनुवटीखाली आवळली आणि पुढे झाले. बरोबरच्या वनरक्षकाने एके ठिकाणी सगळ्यांना थांबवलं. वाटेवर खडूसारखे पांढरे गोळे पडले होते. “तरस,” तो म्हणाला. तरस हाडंसुद्धा चावून खातं, म्हणून त्याची विष्ठा वाळल्यावर अशी पांढरी पडते. भाऊसाहेबांनी त्याचे फोटो काढले. आमच्या प्रवासातले तेवढेच फोटो त्यांनी कोकणातल्या मंडळींना पाठवले.

पुढच्या चढावर मागून पावलं वाजली. तांड्यावरच्या दोन लमाणी बायका, डोक्यावर भारे, पायांत झिजलेल्या रबरी चपला. त्या आम्हाला सहज मागे टाकून वर गेल्या. एकीने थांबून काठ्यांकडे आणि बुटांकडे नीट पाहिलं.

“कुठं चाललात?”

“फिरायला.”

“काय हरवलंय?”

भाऊसाहेबांकडे उत्तर नव्हतं. गुरुजी त्या संधीची वाटच बघत होते. त्यांनी पाण्याच्या काठी धडपं सोडलं: ज्वारीच्या पातळ कडक भाकऱ्या, तेलात मुरलेली भरली वांगी, शेंगांची चटणी, दही. आमची पायपीट तिथे संपली. कडक भाकरी खाल्ल्यावर पुढची टेकडी फक्त बघण्यासाठी असते, हे माझं मत. भाऊसाहेबांचंही झालं होतं, कारण त्यांनी नाड्या सैल केल्या होत्या.

कलबुर्गीत सकाळ चुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरची भज्यांनी झाली. किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद पाहिली. तिला मोकळं अंगण नाही, सगळंच्या सगळं छताखाली, आणि कमानींची रांग नजर थकेपर्यंत जाते. यजमानांनी निघताना तुरीची डाळ बांधून दिली. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते त्यांनी पिशवी गाडीत ठेवताना दोनदा सांगितलं.

गाणगापूरला दत्ताचं दर्शन झालं, भीमा-अमरजेच्या संगमावर हातपाय धुतले. इथे पाच घरी माधुकरी मागायची रीत आहे. आमची सौ. म्हणाली, न मागता आठवडाभर तेच चाललंय. ती रीत तेवढी आम्ही सोडून दिली, आणि आळंदमार्गे उमरग्याला लागलो.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळा संपता संपता जा. चिंचोळीचं जंगल तेव्हा हिरवं असतं आणि धरणाला पाणी असतं. वनखात्याला विचारल्याशिवाय आत शिरू नका. नाडी नसलेली चप्पल न्या. आणि मित्राच्या गावी पोचण्याआधी रस्त्यात नाश्ता करण्याचा वेडेपणा अजिबात करू नका.