कार्य असेल तर सांगा

पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर पहाटे जा. बहुतेक जण चालत असतात, काही पळत असतात, काही गोल करून मोठमोठ्याने हसण्याचा व्यायाम करत असतात. एकच माणूस करवंदीच्या जाळीसमोर उकिडवा बसलेला दिसतो. अंगात नऊ खिशांचं जाकीट, त्यातल्या आठांत काहीही नाही. गळ्यात कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर कंपनीचं नाव इतक्या ठळक अक्षरांत, की कंपनीने त्यालाच जाहिरातीचे पैसे द्यावेत. कुणी शेजारून जोरात बोलत गेलं, की तो अत्यंत दुःखी चेहऱ्याने वळून बघतो. शिंजीर उडालेला असतो.

हा आपला हौशी फोटोग्राफर. सोमवार ते शुक्रवार तो हिंजवडीत कुणाच्या तरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो आणि शनिवार-रविवार ग्राहक शोधतो. चुका भरपूर सापडतात.

कॅमेरा घरात येतो तो बहुधा बाळाच्या निमित्ताने. 'आठवणी राहतील' या सबबीपुढे कुठल्याच बायकोचं काही चालत नाही. मग वर्षभर बाळाची मूठ, बाळाचे तळपाय, बाळाची जांभई. दोन वर्षांचं झालं की ते बाळ कॅमेरा दिसताच पलंगाखाली जातं, आणि हा पक्ष्यांकडे वळतो. पक्षीही पळतातच, पण ते निदान आजीकडे तक्रार करत नाहीत.

इथपर्यंत सगळं निरुपद्रवी असतं. घात होतो ऑफिसात, चहाच्या वेळी. कुणीतरी त्याच्या फोनवरचा खंड्या बघतं आणि म्हणतं, "अरे, तू हे प्रोफेशनली का करत नाहीस?" हे वाक्य म्हणणाऱ्याने आजवर कुणालाही पाच रुपयांचं काम दिलेलं नाही. पण हा ते वाक्य जपून घरी आणतो आणि त्याच रात्री आडनावापुढे 'फोटोग्राफी' लावून इन्स्टाग्रामवर खातं उघडतो. आठवड्यात कार्डं छापून येतात. पाचशे, कारण शंभर आणि पाचशे यांच्या भावात फारसा फरक नसतो. कार्डावर वेडिंग, प्री-वेडिंग, मॅटर्निटी, न्यूबॉर्न, फूड, प्रॉडक्ट आणि वाइल्डलाइफ अशी यादी. यातल्या शेवटच्या खात्याचा ग्राहक कोण, हे अद्याप ठरायचं आहे. बिबट्या अ‍ॅडव्हान्स देत नाही.

घरात विरोध झालाच तर त्याच्याकडे एक हुकमी उदाहरण असतं: गौतम राजाध्यक्ष. "त्यांनीसुद्धा आधी कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. १९७४ मध्ये लिंटासमध्ये लागले आणि १९८७ मध्ये नोकरी सोडली. तेरा वर्षं धीर धरला त्यांनी! मला आत्ता कुठे अकरा होतायत."

"अरे, पण ते जाहिरात कंपनीच्या फोटो विभागातच होते ना?" बायको पोळी लाटता लाटता म्हणते. "तू पेरोलच्या टेस्टिंगमध्ये आहेस."

त्याचं काम बघायला मागितलं तर तो फोन हातात देत नाही, स्वतःच धरतो आणि एकेक फोटो सरकवतो. भिगवणचे रोहित, पाण्यात प्रतिबिंबासह. दिवे घाट चढणारी वारी. कृष्णधवल वारकरी आजोबा, सुरकुत्या मोजता येतील असे. ढोल पथकातली केस उडालेली मुलगी. वाड्याच्या पडक्या भिंतीला टेकलेली सायकल. कासच्या पठारावरचं बोटभर फूल, त्यावर दव. हे फोटो चांगले असतात, हे मुद्दाम सांगायला हवं. त्याची चेष्टा करणाऱ्यांपैकी एकालाही तसा रोहित टिपता येणार नाही. पण या साऱ्या संग्रहात कॅमेऱ्याकडे बघून हसणारा एक माणूस नाही. आणि पैसे मोजणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं: तीन आत्या, दोन मावश्या, एक रुसलेले काका, आणि सगळ्यांचे डोळे उघडे.

पहिलं काम येतं ते मावशीच्या फोनवरून.

"बाळा, तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना रे? आपल्या धाकट्याच्या मुलीचं बारसं आहे रविवारी. नाहीतरी तू येणारच आहेस. रिकाम्या हाताने कशाला येतोस?"

तो दराचं बोलायला तोंड उघडतो. मावशीला ते फोनवरूनही दिसतं.

"घरचंच कार्य आहे. आणि चार लोक बघतील ना तुझे फोटो. त्यातूनच कामं मिळतात."

मावशीचा शब्द खोटा ठरत नाही. चार लोक बघतात आणि चार कामं मिळतात: एक मुंज, एक डोहाळजेवण, एक वास्तुशांत, एक साठीशांत. सगळी घरचीच.

यात एक कायदेशीर गंमत आहे. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार पैसे देणारा. फुकट काढला तर हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. या हिशेबाने आपल्या माणसाची बौद्धिक संपदा पुणे जिल्ह्यात कुणालाही हार जाणारी नाही. तिचं रक्षण करायला तो प्रत्येक फोटोवर आपलं नाव टाकतो. कोपऱ्यातलं नाव लोक कापून टाकतात असं कुणीतरी सांगितल्यापासून तो ते मधोमध टाकतो. मावशीचा लगेच निरोप: "फोटो सुंदर. ते इंग्रजी काढून पाठव, बाळाच्या जावळावर येतंय."

खरी परीक्षा मंगल कार्यालयात. तिथे त्याची गाठ स्टुडिओवाल्या काकांशी पडते. काकांचा स्टुडिओ पेठेत, जिन्याखाली. दर्शनी काचेत तीसेक वर्षांपूर्वीच्या एका नवरीचा फोटो, उन्हाने निळा पडलेला. ती नवरी आता सासू झाली आहे आणि मुलाच्या लग्नाला तिने काकांनाच बोलावलं आहे. काकांचं इन्स्टाग्रामवर खातं नाही. कार्डही नाही, असलंच तर कुठल्याशा जुन्या पाकिटावर शिक्का मारलेला असतो. काकांच्या दृष्टीने फोटो हा पुरावा आहे. कोण आलं, कोण स्टेजवर चढलं, कुणी पाकीट दिलं आणि कुणी नुसताच हात मिळवला, याची नोंद राहिली पाहिजे.

लग्न गुरुजी लावतात असा एक समज आहे. ते काका चालवतात. "गुरुजी, जरा थांबा. कानपिळी परत एकदा." गुरुजी मंत्र अर्ध्यावर सोडून थांबतात; इतक्या वर्षांत दोघांचं छान बसलेलं असतं. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पुन्हा पिळतो, या खेपेला जरा मनापासून. हार दोनदा घातले जातात. घास भरवताना श्रीखंड पाच मिनिटं नवरीच्या ओठांशी थांबतं. कुणाची काही तक्रार नसते, कारण काका ओरडतात त्या अर्थी फोटो येणार, ही खात्री असते.

आपला माणूस कॅन्डिडवाला. तो कुणालाही थांबवत नाही. ते त्याच्या तत्त्वात बसत नाही. मंगलाष्टकं संपत येतात, शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजते, आणि ज्या क्षणासाठी सहाशे माणसं जमली त्याच क्षणी हा मागच्या खांबाशी गुडघे टेकून एका चिमुरडीच्या ओंजळीतल्या अक्षता टिपत असतो. पन्नासची लेन्स, एफ वन पॉइंट एट. तांदळाचा एक दाणा लख्ख, बाकी अख्खं लग्न धूसर. फोटो अप्रतिम येतो. मुलगी केटररची असते.

पंधरा दिवसांनी नवऱ्या मुलाच्या आईचा फोन. "फोटो कलात्मक आहेत हो. पण विहिणीच्या पंगतीचा एकही दिसत नाही. आणि आमचे मामेसासरे?" मामेसासरे दोन फोटोंत आहेत. दोन्हींत पाठमोरे, संध्याकाळच्या उन्हात, अतिशय देखणे.

निघताना त्याने कार्यालयाच्या मॅनेजरला कार्ड दिलेलं असतं, "कार्य असेल तर सांगा." मॅनेजर सभ्य माणूस. तो ते नीट वाचतो, खण उघडतो आणि आत ठेवतो. खणात कोथरूडपासून खराडीपर्यंतचे सगळे हौशी फोटोग्राफर गुण्यागोविंदाने नांदत असतात.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. ग्राहक शोधायला निघालेला हा माणूस वाटेत भेटेल त्याचा ग्राहक होतो. पक्ष्यांसाठी मोठी लेन्स हवी म्हणून तो मुंबईला, फोर्टातल्या बोरा बझारात जातो. तिथला दुकानदार त्याच्या गळ्यातला कॅमेरा बघतो आणि चहा मागवतो. दीडशे-सहाशेची लेन्स येते. ती हातात पेलवत नाही म्हणून ट्रायपॉड येतो, तो गाडीच्या डिकीत मावत नाही म्हणून मागची सीट जाते, आणि सासूबाईंना सिंहगडावर नेण्याचा बेत पुढे ढकलला जातो. मग पहाटे साडेतीनला उठून, सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर कापून भिगवण. तिथला नावाडी तरबेज. सूर्य पाठीशी कसा ठेवायचा, थव्याच्या किती जवळ जायचं, पंख उघडायच्या आधी रोहित मान कशी करतो, हे सगळं तो हलक्या आवाजात सांगत राहतो. उजनीच्या त्या फुगवट्यावर फोटोग्राफीतून नियमित उत्पन्न असलेला तो एकमेव माणूस. त्याच्याकडे कॅमेरा नाही.

कार्यशाळांचंही तेच. वाड्याच्या चौकात नऊवारीतली एक मॉडेल, मागून धूर, आणि तिच्यासमोर वीस जण एकाच कोनातून. पुढचा महिनाभर इन्स्टाग्रामवर तीच नऊवारी वीस वेळा. दुसरी एक कार्यशाळा असते 'ग्राहक कसे मिळवावेत' या विषयावर, भरघोस शुल्काची. शिकवणारा पूर्वी हौशीच होता. त्याला ग्राहक मिळाले आहेत हे उघड दिसतं. समोर खुर्च्यांवर बसलेले असतात.

चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणजे काम नसण्याला शास्त्राधार मिळतो. या काळात तो प्रदर्शन भरवतो. बालगंधर्वचं कलादालन भाड्याने घ्यायचं, तारीख शक्यतो १९ ऑगस्टच्या आसपासची, कारण तो जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ मध्ये याच तारखेला फ्रान्सच्या सरकारने दागेरची फोटो काढण्याची कृती जगासाठी मोफत जाहीर केली. फोटो हा फुकटच मिळायचा असतो, हा समज बहुधा तिथूनच रूढ झाला. प्रदर्शनाला गर्दी होते. त्यातले निम्मे नातेवाईक, उरलेले नाटकाची घंटा होईपर्यंत वेळ काढायला आलेले. अभिप्रायाच्या वहीत 'खूप छान', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा', आणि एका ज्येष्ठ नागरिकाच्या वळणदार अक्षरात, 'पंखे बंद होते.'

पैसे देणारा पहिला ग्राहक येतो तो भलत्याच दारातून. सोसायटीतल्या काकू. मुलाचं नाव विवाह मंडळात नोंदवायचं आहे. "एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उभा. किती घेशील?"

हा प्रश्न त्याला आयुष्यात प्रथमच विचारला गेलेला असतो. तो गडबडून 'पाचशे' म्हणतो. काकू 'चारशे' म्हणतात. तो 'तीनशे' म्हणतो.

मुलाला तो खिडकीशी बसवतो. एका गालावर प्रकाश, दुसरा सावलीत. डच चित्रकारांच्या चित्रांतला उजेड. काकू चष्मा पुसून फोटो निरखतात.

"छान आलाय. बाकीचा अर्धा कुठाय?"

मग पांढऱ्या भिंतीसमोर, मान सरळ, दोन्ही कान दिसतील असा दुसरा फोटो निघतो. काकू खूश. पुढच्या आठवड्यात बी विंगमधल्या काकू मुलीला घेऊन येतात, त्यानंतर त्यांच्या भिशीतल्या दोघी. ऑफिसातले सहकारीही नोकरी बदलण्याआधी गुपचूप त्याच्याकडून असा एक फोटो काढून नेतात आणि पैसे देतात. बारसं, मुंज, भिगवण आणि प्रदर्शन यांनी जे साधलं नाही ते त्या पांढऱ्या भिंतीने साधलेलं असतं. यातला एकही फोटो तो इन्स्टाग्रामवर टाकत नाही. तिथे अजूनही रोहितच आहेत.

तेव्हा तुमच्या ओळखीत असा कुणी असेल आणि घरात कार्य ठरलं असेल, तर त्याला जरूर बोलवा. मावशीसारखं मात्र करू नका. दर विचारा, आणि तो आपणहून कमी करायला लागला तर करू देऊ नका. निम्मे पैसे आधी द्या. जेवायच्या वेळी आठवणीने पानावर बसवा, कारण तो मागणार नाही. आणि आत्या-मावश्यांचा ग्रुप फोटो अगदी सुरुवातीलाच उरकून घ्या. एकदा अक्षता वाटल्या की तो हाताला लागत नाही.